छान म्हणणारं गिऱ्हाईक

माझं पहिलं पुस्तक मलाच भेट म्हणून मिळालं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि शाळेतून निवृत्त होत होते. निरोपाच्या कार्यक्रमात हार झाला, शाल झाली, नारळ झाला, आणि मग रंगीत कागदात बांधलेलं काहीतरी चौकोनी हातात आलं. घरी येऊन सोडलं तर आत 'शिस्तीची शंभर सूत्रे'. लेखिका मीच. पहिल्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरात 'नवदांपत्यास सप्रेम भेट'. त्या दांपत्याला एव्हाना सुना आल्या असतील. त्यांच्या मुलांना शिस्त लागली की नाही कोण जाणे, पण पुस्तकाची पानं छापखान्यातून आली तशीच एकमेकांना चिकटून होती.

हे पुस्तक लिहिलं ती मुलगी सव्वीस वर्षांची होती. ती म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लग्न झालेलं नाही, पदरी मूल नाही, रोज सकाळी आईच्या हातचा डबा घेऊन पालघरहून एसटीने सातपाटीच्या शाळेत जाणार, आणि मुलं कशी वाढवावीत याची सूत्रं मात्र शंभर. सूत्र सत्तेचाळिसावं: 'मूल रडत असल्यास त्यास शांतपणे कारण विचारावे.' पुढे मला मुलगा झाला. तो सलग तीन महिने रडला. मी शांतपणे कारण विचारलं. त्याने सांगितलं नाही.

बरं, तिने वाचकांचं मत घेतलंच नव्हतं असंही नाही. चौथीच्या वर्गात टेबलावर छडी ठेवून तिने विचारलं होतं, "असं पुस्तक कोणाकोणाला आवडेल? हात वर करा." चाळीसच्या चाळीस हात वर. एका मुलीचे तर दोन्ही. ती घरी गेली आणि आईला म्हणाली, "एक्केचाळीस वाचक तर आत्ताच नक्की झालेत."

आता मी बाहत्तर वर्षांची आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं डॉक्टर पुढे ढकलतायत. एक पुस्तक लिहून होईल एवढी नजर आणि एवढा दम शिल्लक आहे, दोन नाहीत. पुस्तकाचं नावसुद्धा ठरलं होतं, 'फळ्यापुढची छत्तीस वर्षं'. इच्छा एकच होती, की या खेपेला ते कोणीतरी वाचावं. पुन्हा रंगीत कागदातून घरी यायला नको.

हे मी नातीजवळ बोलले. ती तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. घरी येते तेव्हा कधी नखं निळी असतात, कधी पिवळी. ती म्हणाली, "आजी, सॅम्पल पास झाल्याशिवाय आमच्याकडे बॅच लागत नाही. तू एकदम अख्खी बॅचच लावायला निघालीस."

"म्हणजे काय करू?"

"दहा जणांना पुस्तकात काय काय असणार ते सांग. बघ काय म्हणतात. आणि एक लक्षात ठेव, पुस्तक तुझं आहे हे सांगायचं नाही. एक मैत्रीण लिहितेय म्हणायचं. नाहीतर लोक तोंडावर खरं बोलत नाहीत."

पहिलं सॅम्पल घरातच होतं. आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांना मी प्रकरणं सांगितली. पेपर खाली न करता म्हणाले, "छान आहे." पंचेचाळीस वर्षं माझ्या आमटीला हेच म्हणत आलेत. ज्या दिवशी मीठच घातलं नव्हतं, त्या दिवशीसुद्धा.

दुसरं सॅम्पल समोरच्या दारातलं. आम्ही बेटेगावला राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं कारखान्यांतल्या कामगारांची, लांबून लांबून आलेली. समोरची सून गोरखपूरची. माझं सगळं ऐकून ती म्हणाली, "बहुत अच्छा रहेगा आंटी, जरूर पढ़ूँगी." तिला मराठी वाचता येत नाही. आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही.

तिसरं सॅम्पल आठवड्यातून तीनदा स्वतःच्या पायांनी दारात येतं. माझी जुनी विद्यार्थिनी. सातपाटीहून मासे घेऊन येते आणि बिल्डिंगच्या गेटपाशी पाटी उतरवते. आता तीही छप्पन्नच्या घरात आहे. चौथीत दोन्ही हात वर करणारी हीच.

त्या दिवशी मी खाली उतरले तेव्हा पाटीभोवती दोघी उभ्या होत्या. एक नवीन बिऱ्हाडातली, नटूनथटून. "वा, पापलेट काय छान आहेत! एकदम ताजे!" म्हणाली आणि चालू लागली. दुसरी तिसऱ्या मजल्यावरची, कपाळाला आठ्या. तिने एकेका पापलेटाचे कल्ले उघडून बघितले, पोट दाबलं, वास घेतला. "डोळे बघ कसे आत गेलेत. कालचा आहे ना हा? आणि हा तर मधेच वाकलाय." पाच मिनिटं नावं ठेवून झाल्यावर तिने चार पापलेटं घेतली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "किती गं बोलते ही! तुला राग येत नाही?"

"आवं बाई," ती पाण्याचा हात पाटीवर फिरवत म्हणाली, "छान म्हणणारं गिऱ्हाईक घेत नाय. नावं ठेवतं तेच घेतं. जे घ्यायचंच नाय, त्याच्यात खोट कोण कशाला काढंल?"

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला माझ्या पुस्तकाची घाई होती. मी म्हटलं, "माझी एक मैत्रीण पुस्तक लिहितेय..."

"तुमीच ना बाई?"

"मैत्रीण म्हटलं ना!"

"बरं, मैत्रीण." तिने पदर नीट केला आणि वर्गात बसावी तशी बसली. मी प्रकरणं सांगितली. शाळेची गळकी कौलं, पहिला पगार, बदलीचा प्रयत्न, स्कॉलरशिपची मुलं. प्रत्येकाला ती मान हलवून "छान" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "तुमच्या मैत्रिणीनं लिवलं म्हंजे छानच असणार, बाई."

"तू चौथीत पण दोन्ही हात वर केले होतेस," मी म्हटलं.

"एक खाली ठेवला तर तुमी बाकावर उभी करायचां," ती म्हणाली. मग मला जरा वाईट वाटलं असावं असं वाटून तिने मला चार बोंबील जास्त टाकले.

नातीला मी वर येऊन सांगितलं, "तीन सॅम्पल पास."

"आजी, तिन्ही फेल," ती म्हणाली. "सगळ्यांनी एकच शब्द उच्चारलाय. जिथे एकाच वेळी जास्त जणी भेटतील आणि तुला घाबरणार नाहीत अशा ठिकाणी जा."

अशी जागा मला एकच ठाऊक होती. सातपाटीचं बोंबील वाळवायचं मैदान. रविवारी सकाळी नातीच्या स्कूटरवर मागे बसून मी तिथे गेले. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. किनाऱ्याजवळ बांबू रोवून त्यांवर आडव्या काठ्या बांधलेल्या असतात, त्याला इथे वलांडी म्हणतात, आणि दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्या काठ्यांवर टाकतात. जोडीतला एक इकडे लोंबतो, एक तिकडे. दोरा नाही, गाठ नाही. वारा कितीही सुटू दे, बोंबील एकमेकांना सोडत नाहीत.

सात-आठ बायका भराभर बोंबील टांगत होत्या. त्यांतल्या तिघी माझ्या विद्यार्थिनी, माझी मासेवाली धरून, आणि एका उलट्या घातलेल्या टोपलीवर तिची आई. तिला आम्ही सगळे आयेच म्हणतो. ऐंशीला टेकलेली. आता ती टांगत नाही, नुसती बघते, आणि कोणाचा हात चुकला की ओरडते.

या वेळी मी मैत्रीण वगैरे भानगड ठेवली नाही. गळक्या कौलांपासून सुरुवात केली. "छान." पहिला पगार. "छान." बदली. "छान बाई." हात मात्र थांबत नव्हते. मग मी हुकमाचं पान काढलं. पुस्तकाचं सगळ्यात मोठं प्रकरण, ज्याच्यावर पूर्ण पुस्तक उभं करायचं होतं ते.

"माझं पहिलं वर्ष," मी म्हटलं. "बोंबलाचा मोसम सुरू झाला आणि अर्धा वर्ग रिकामा. पोरी सगळ्या इथे, आयांच्या हाताखाली. मी हजेरीपट घेऊन इथे आले. याच जागी उभी राहिले आणि तुमच्या आयांसमोर शिक्षणावर भाषण केलं. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. एका भाषणाने! त्या प्रकरणाचं नावच ठेवलंय, 'एका भाषणाने भरलेली शाळा'."

हात थांबले. सगळ्यांचे, एकाच वेळी.

"भाषण?" एक जण म्हणाली. "कंचं भाषण?"

"माझी आई सांगायची," दुसरी म्हणाली, "बाई आल्या आणि बोंबील टांगले."

"टांगले कुठं? बांधले!"

"शेपटीला!"

"हां, शेपटीला! आणि लायनीत. पहिला लहान, मंग मोठा, मंग त्याहून मोठा, शाळेत प्रार्थनेला उभं करतात तसे!"

मी म्हटलं, "ते किरकोळ होतं. मी हातभार लावला होता."

"हातभार!" आये टोपलीवरून ओरडली. मला वाटलं होतं तिला ऐकू येत नाही. "सबंध वलांडी खाली आली, बाय! दुपारचा वारा सुटला, आणि एकेक करून सगळी टपटप वाळूत. कुत्र्यांची दिवाळी!"

"तशी सगळी नाय पडली गं आये, निम्मी पडली."

"तू तवा पाळण्यात होतीस. मला सांगते!"

मग तिथे जे भांडण लागलं ते विचारू नका. किती पडले, कोणाच्या वलांडीवरचे, वारा कुठून सुटला होता, मी रडले होते की नाही. एकीने नाही म्हटलं, दोघींनी हो. मी म्हटलं, मी रडले नव्हते, डोळ्यांत वाळू गेली होती. कोणी लक्ष दिलं नाही. पुस्तकाचा विषय निघाल्यापासून पहिल्यांदाच कोणी 'छान' म्हणत नव्हतं.

नातीने गंमत म्हणून विचारलं, "पण मग दुसऱ्या दिवशी मुली शाळेत आल्या, ते भाषणामुळे नाही?"

आये माझ्याकडे बघून हसली. तिला आता दोनच दात आहेत, पण दोन्ही त्या हसण्यात सामील होते. "भाषण काय आमी ऐकलं नाय, पोरी. बोंबील पडत व्हते, कोण ऐकणार? संध्याकाळी आमी बायाबाया बोललो. म्हटलं, ही एवढीशी पोर, हिला एक बोंबील टांगता येत नाय. हिनं काय खावं? हिला एक काम येतंय, शिकवायचं, ते तरी करू द्या बिचारीला. म्हणून धाडल्या पोरी. कीव आली."

मी हातातली पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली. पन्नास वर्षं मी ते भाषण ज्याला त्याला सांगितलं होतं. निरोपसमारंभात सांगितलं होतं. लग्नाआधी ह्यांना सांगितलं होतं, आणि ह्यांनी छान आहे म्हटलं होतं. नवीन लागलेल्या शिक्षकांना मी त्याचा दाखला द्यायची. आणि त्याच पोरींच्या आयांनी मला बिचारी ठरवून मुली माझ्याकडे पाठवल्या होत्या, जणू माझ्या पोटापाण्याची सोय करत होत्या.

"निघू या," मी नातीला म्हटलं. मासेवाली मागून आली. "बाई, रागावलां?" मी म्हटलं, नाही, ऊन लागतंय. ऊन तसं काही नव्हतं.

तीन दिवस मी वहीला हात लावला नाही. नातीने एकदा विचारलं, "आजी, त्या प्रकरणाचं काय?" मी सांगितलं की त्या बायकांना काही आठवत नाही, वयं झालीत. ती म्हणाली, "पण किती जोरात आठवत नव्हतं!" मी तिला भाजी निवडायला बसवलं.

बुधवारी गेटपाशी पुन्हा पाटी आली. तिसऱ्या मजल्यावरची आठ्याळ बाई तिथेच उभी, कल्ले उघडून बघतेय, तोंड वाकडं करतेय. मी जिन्यातच थांबले. आणि एकदम मला मैदानातली ती सगळी तोंडं दिसली, सगळी नावं ठेवणारी. गळक्या कौलांत त्यांनी खोट काढली नव्हती. पहिल्या पगारात काढली नव्हती. तिथे त्या 'छान' म्हणून पुढे गेल्या होत्या, त्या नटलेल्या बाईसारख्या. शेपटीला बांधलेल्या बोंबलांपाशी मात्र थांबल्या, वाकल्या, पोट दाबून बघितलं, वास घेतला.

म्हणजे त्यांना ते घ्यायचं होतं. प्रश्न एवढाच होता, की मला ते द्यायचं होतं का. एका बाजूला ते भाषण आणि छत्तीस वर्षांचा रुबाब, दुसऱ्या बाजूला वाळूत टपटप पडणारे बोंबील. रुबाबाला वाचक नव्हते. पण पन्नास वर्षं मी त्याच्यावरच उभी होते, आणि या वयात एकदम खाली उतरायचं म्हणजे गुडघे कुरकुरतात.

दोन दिवस मी सव्वीस वर्षांच्या त्या लेखिकेशी भांडत बसले. ती म्हणत होती, भाषण ठेव, बोंबील गाळ. वाचकांपुढे आदर्श ठेवावा, सूत्र बारावं. शेवटी मी तिला विचारलं, "बाई गं, तुझं पुस्तक कोणी वाचलं?" मी वही उघडली आणि आधीचं सगळं सोडून पहिल्या ओळीत लिहिलं, 'माझे बोंबील शेपटीकडून पडले.'

प्रकरण लिहून झालं तेव्हा मी नातीला म्हटलं, "चल, सॅम्पल घेऊन जाऊ." या वेळी अक्षरं मोठी काढली होती, उन्हात मला दिसावीत म्हणून. मैदानात गेल्यावर मी बायकांना आधीच बजावलं, "जी 'छान' म्हणेल तिला बाकावर उभी करीन. नावं ठेवायची." मासेवाली हसली आणि तिने हात वर केला. एकच.

मी वाचायला लागले. हात टांगत होते, पण सावकाश. अर्ध्या पानावरच आये ओरडली, "थांब. बोंबील कशानं बांधलेले ते नाय सांगितलंस."

"दोऱ्याने," मी म्हटलं.

"दोऱ्यानं? लाल रिबिनी व्हत्या त्या! शाळेच्या पोरींच्या. तुकडे करकरून तू बांधल्या, फुलाची गाठ मारून!"

ते मी मुद्दाम गाळलं होतं. सव्वीस जानेवारीच्या कवायतीसाठी मी स्वतः पालघरहून आणलेल्या नव्या रिबिनी. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी जगाला आठवत नसेल.

"म्हणून तर रिबिनीची बाई," माझ्या तिघी विद्यार्थिनींतली एक सहज म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली.

तर सातपाटीत माझं ते नाव होतं. मला ते माहीत होतं, बरं का. मी रस्त्याने जाताना पोरं कुजबुजायची ते मी ऐकलं होतं. मला वाटायचं, मी मुलींच्या रिबिनींबाबत फार कडक आहे म्हणून ते नाव पडलंय. मला त्याचा अभिमानही होता थोडा.

नातीने पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं. मी 'दोरा' खोडला आणि वर 'लाल रिबिनी' लिहिलं. मग फुलाची गाठसुद्धा लिहिली. आयेने मान डोलावली, समाधानाने नव्हे, अजून खोट शोधायची आहे अशा थाटाने.

मी पुढे वाचलं. वारा सुटला. पहिला बोंबील पडला, तो सगळ्यात लहान, रांगेत पहिला उभा केलेला. मग दुसरा. पान संपलं म्हणून मी उलटायला थांबले, बोटाला थुंकी लावली, पण चष्मा घसरला म्हणून तो वर करायला लागले.

आये टोपलीवरून पुढे वाकली. त्या दिवशी ती पाच पावलांवर उभी होती, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पडलेले बोंबील स्वतःच्या हातांनी धुऊन पुन्हा जबड्यात जबडा अडकवून टांगले होते.

"अगं थांबलीस काय?" ती म्हणाली. "मंग? पुढं काय झालं?"